नेमांक बावन्न

बावन्न हा आकडा वाचला तेव्हा मला आधी वाटलं, कुणाचं तरी वजन आहे. सकाळचे साडेसात वाजले होते. आम्ही अमरावतीत आमच्या क्लबच्या मैदानावर सरावाला आलो होतो आणि माझी भावजय ईश्वरी फोन माझ्या तोंडासमोर धरून उभी होती. गुडघ्याचे पॅड बांधता बांधता मी पुन्हा वाचलं. ईश्वरी पंकज ढोके, पिचर, नेमांक बावन्न. त्याखाली बारीक अक्षरांत, राष्ट्रीय शिबिरासाठी कमाल मर्यादा तीस. आणि शेवटी एकच शब्द होता, अपात्र.

"ताई, हे माह्यंच हाय का?" ईश्वरीनं विचारलं.

"दुसऱ्या कोण्या ईश्वरी ढोकेचं असंन," मी म्हणाले. पण जिल्ह्यात दुसरी ईश्वरी ढोके नाही, आणि असलीच तर ती बेसबॉल खेळत नसणार. मी एक सणसणीत शिवी हासडली आणि पॅड जमिनीवर आपटलं.

मी इतकी का चिडले ते कळायला आमचा खेळ थोडा सांगायला हवा. पिचर साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकते. समोर बॅट घेऊन एक बाई तो मारायला टपलेली असते. तिच्या मागे उकिडवी बसून, चामड्याच्या जाडजूड ग्लोव्हमध्ये जी चेंडू झेलते ती कॅचर. चेंडू कुठे हवा, ते कॅचर ग्लोव्ह धरून दाखवते. आमच्या संघाची कॅचर मी. कांचन ढोके, वय छत्तीस. नऊ ते पाच एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, आणि त्याच्या आधी आणि नंतर शे-दीडशे वेळा उठते बसते. माझे गुडघे आता जिना चढताना वाजतात.

ईश्वरी नऊ वर्षांपूर्वी दर्यापूरकडून क्लबात आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की अशी पिचर पुन्हा मिळायची नाही. चार वर्षांनी घरचे तिच्यासाठी स्थळं बघू लागले, त्यातलं एक नाशिकचं होतं. आपली पिचर नाशिकला जाते म्हटल्यावर माझी झोप उडाली. मी धाकट्या भावाला, पंकजला, समोर बसवून विचारलं, तुला ही मुलगी पसंत आहे का? तो बिचारा आधीच पसंत करून बसला होता आणि माझ्या भीतीने गप्प होता. लोक भावासाठी बायको शोधतात, मी माझ्यासाठी पिचर ठेवून घेतली, हे मी लग्नाच्या पंगतीतच सगळ्यांना सांगून टाकलं. आई अजून त्यावरून मला बोलते.

अशा मुलीचा नेमांक बावन्न!

नेमांक म्हणजे काय ते आईला मी चार वेळा समजावून सांगितलं, तेच इथे सांगते. पिचरचा हात गोल फिरत पुढे येतो आणि नेमक्या क्षणी बोटांतून चेंडू सुटावा लागतो. क्षण चुकला की दिशा चुकली. बोटं सेकंदाच्या हजाराव्या भागाने लवकर उघडली तर समोर पोचेपर्यंत चेंडू हातभर वर जातो, उशिरा उघडली तर तेवढाच खाली. आता बोटं उघडायचा हुकूम मेंदूतून निघतो आणि मज्जातंतूंमधून बोटांपर्यंत येतो, आणि या तंतूंमध्ये सतत बारीक खरखर चालू असते, जुन्या रेडिओत असायची तशी. हुकूम तोच, हात तोच, तरी क्षण दर वेळी किंचित वेगळा. म्हणून जगातले उत्तमोत्तम पिचरसुद्धा ग्लोव्हपासून सरासरी फूटभर चुकतात. हे आधीपासून माहीत होतं. सगळेच चुकायचे, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

सात-आठ वर्षांपूर्वी नवीन निघालं ते असं, की ही खरखर प्रत्येक माणसाची ठरलेली असते. बाविसाव्या वर्षानंतर ती कमी होत नाही. सरावाने ताकद वाढेल, चेंडूला वळण देता येईल, खरखर तेवढीच राहणार. मग मैदानातल्या कॅमेऱ्यांना शिकवलं गेलं, की पिचरने पाय उचलला त्या क्षणी ग्लोव्ह कुठे होता ते टिपायचं आणि चेंडू कुठे पोचला तेही टिपायचं. हजारो चेंडूंची ही अंतरं मोजायची. चूक कायम एकाच बाजूला होत असेल तर ती नुसती सवय, ती वजा करायची. उरते ती त्या माणसाची खरखर. तिची सेंटिमीटरमधली सरासरी म्हणजे नेमांक.

आकडा हाती आला आणि कोच लोकांनी शिकवणं सोडून निवडायला सुरुवात केली. मग तो मैदानाबाहेरही पडला. दातांचे डॉक्टर पाटीवर पदवीच्या शेजारी नेमांक लिहू लागले. आमच्या लॅबच्या मालकानेही यंदा, म्हणजे २०४१च्या जानेवारीत, सांगून टाकलं की पुढच्या वर्षीपासून सुई धरणाऱ्या प्रत्येकीचा नेमांक काढणार. सोळा वर्षं मी लोकांच्या शिरा शोधतेय आणि आता यांना माझा आकडा हवाय. संताप नाही होणार तर काय होईल?

त्या दिवशी लॅबमध्ये माझं लक्षच लागेना. अकराच्या सुमारास एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून मी सुई काढली. आजोबांनी मान वळवली आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बघत बसले. सगळेच तसं करतात. सुई इकडे आणि डोळे तिकडे. मी रक्त काढलं, कापूस लावला, आणि तशीच सुई हातात धरून उभी राहिले.

"झालं का बाई?" आजोबांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले. ईश्वरीचा नेमांक कुणी बिघडवला ते मला त्या क्षणी कळलं होतं. मीच बिघडवला होता.

आमचा ग्लोव्ह खोटा असतो. ही गावंडे सरांची शिकवण. सर आमचे जुने कोच, तीन वर्षांपूर्वी गेले. दुसऱ्या बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागच्या थांब्यावर, समोरच्या संघाची धावपटू उभी असली की तिला कॅचरचा ग्लोव्ह दिसतो आणि ती आपल्या बॅटवालीला खूण करते. म्हणून सरांनी युक्ती काढली. ग्लोव्ह डावीकडे दाखवायचा, चेंडू तेवढाच उजवीकडे टाकायचा, आणि कॅचरने अगदी शेवटच्या क्षणी ग्लोव्ह तिकडे न्यायचा. सर याला आरसा म्हणायचे. आधी आम्ही तो फक्त दुसऱ्या बेसवर कुणी असलं तरच लावत होतो. पण ईश्वरीला तो इतका मानवला, आणि बॅटवाल्या बायका इतक्या फसायला लागल्या, की आम्ही दर चेंडूला आरसा लावू लागलो. नऊ वर्षं ती माझ्या ग्लोव्हकडे बघत आली आणि चेंडू दुसरीकडे टाकत आली.

कॅमेऱ्याला यातलं काय कळणार? ग्लोव्ह डावीकडे, चेंडू उजवीकडे, म्हणजे मोठी चूक. पुढच्या वेळी ग्लोव्ह उजवीकडे, चेंडू डावीकडे, पुन्हा मोठी चूक. दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना मारतात, त्यामुळे सवय म्हणून वजा करायला काही उरत नाही. मग आमची सगळी लबाडी त्या यंत्राने ईश्वरीच्या मज्जातंतूंवर ढकलून दिली होती.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. पंकज ओट्याशी मटार सोलत होता, ईश्वरी कणीक मळत होती. तिने सगळं ऐकलं, हात धुतले आणि माझ्याकडे वळली.

"म्हंजे ग्लोव्ह तुमी धरला, अन् बावन्न माह्या नावावर?"

"ईशू, मले काय माहीत होतं का, असं होईन म्हणून?"

"मी अठ्ठावीसची झाली, ताई. आता नाई गेली तं कवाच नाई जात. नऊ वर्सं तुमी जसं म्हटलं तसं फेकलं म्या. एका डावात तरी विचारलं का, काहून म्हणून?"

"नाई विचारलं."

"मंग आता तुमीच निस्तरा," ती म्हणाली आणि परातीत कणीक तशीच टाकून आत गेली. पंकजने माझ्याकडे पाहिलं. तो तिच्या बाजूचा आहे हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते बरोबरही होतं.

चार दिवस मी फोन केले. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, तिथून पुन्हा पहिल्या कचेरीत. प्रत्येक जण आवाजात साखर घोळून सांगायचा की हे आमच्याकडे येत नाही. शेवटी पुण्याच्या चाचणी केंद्रातल्या डॉक्टर केतकी सबनीस नावाच्या बाईंनी या म्हणून सांगितलं. आम्ही दोघी गेलो. वाटेत ईश्वरी माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल, त्यातली दोन पाण्याच्या बाटलीबद्दल होती.

सबनीस बाई तिशीच्या, शांत, आणि आश्चर्य म्हणजे ऐकून घेणाऱ्या निघाल्या. मी आरशाचं सगळं सांगितल्यावर त्यांनी ईश्वरीचे जुने सामने काढले, प्रत्येक ग्लोव्हची जागा उलटी केली आणि यंत्राला पुन्हा मोजायला लावलं. आकडा आला तेव्हा त्या खुर्चीत सरळ झाल्या.

"सतरा," त्या म्हणाल्या. "देशात महिलांमध्ये इतका कमी कुणाचाच नाही."

"मग द्या ना तसं लिहून!" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाही देता येत. नियमात लक्ष्याची व्याख्या आहे. पाय उचलण्याच्या क्षणी ग्लोव्ह जिथे असेल ते लक्ष्य. चेंडू कुठे पडला ते बघून मग म्हणायचं की आमचं हेच ठरलं होतं, असं तर उद्या कुणीही म्हणेल. मला तुमचं पटतंय हो, पण मी ते सिद्ध कसं करू?"

मला त्यांचा राग येत होता आणि त्यांचं म्हणणं खोडताही येत नव्हतं. असा राग सगळ्यात वाईट.

"एक करता येईल," त्या म्हणाल्या. "फेरचाचणी. पन्नास चेंडू. ग्लोव्ह कुठे धरायचा ते पडद्यावर दिसेल, आणि चेंडू येईपर्यंत तो हलवायचा नाही. ही चाचणी जन्मात एकदाच मिळते. जो आकडा येईल तो कायमचा. मध्ये थांबलात तर चाचणी रद्द, आणि बावन्न कायम."

"सतरावाली हाय ती," मी ईश्वरीला म्हणाले. "पन्नास काय अन् शंभर काय, डोये मिटून फेकशीन तू."

ईश्वरी पहिल्यांदा थोडी हसली.

चाचणीचं मैदान मोठ्या छपराखाली होतं. चारही बाजूंनी कॅमेरे, एका बाजूला काचेमागे सबनीस बाई, समोर बॅटवाली कुणी नाही. मी बसले. पडद्यावर ठिपका आला, डावीकडे खाली. मी ग्लोव्ह तिथे धरला. ईश्वरीने पाय उचलला, फेकला, आणि चेंडू उजवीकडून माझ्या कानाजवळून निघून गेला.

मला वाटलं, पहिलाच आहे, होतं असं. दुसरा ग्लोव्हच्या दिशेने आला पण पार वर. तिसरा जमिनीवर. चौथा पुन्हा उलट्या बाजूला. ती ग्लोव्हकडे बघायची, हात आपोआप दुसरीकडे निघायचा, ती मध्येच त्याला ओढून आणायला जायची आणि त्या ओढाताणीत बोटांचा क्षण हुकायचा. नऊ वर्षं ज्या मुलीने जिथे बघितलं तिथे एकदाही टाकलं नव्हतं, तिला आता बघशील तिथे टाक म्हणून सांगितलं होतं. वीस चेंडू झाले. सरासरी एक्केचाळीस.

सबनीस बाईंनी पाणी प्यायला दोन मिनिटं दिली. ईश्वरी चालत माझ्यापर्यंत आली.

"माहे डोये तुमी नासवले, ताई," ती म्हणाली. "मले आता सरळ फेकताच येत नाई."

ते खरंच होतं. मला तिथेच मातीत डोकं आपटावंसं वाटलं. गावंडे सरांचा राग आला, यंत्राचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एवढ्या हुशारीने लोकांना फसवलं आणि फसली कोण, तर आमचीच पोरगी.

मग मला ते लॅबमधले आजोबा आठवले. सुई इकडे, डोळे तिकडे. ईश्वरीला बघायला दुसरीकडे काहीतरी हवं होतं, इतकंच. ग्लोव्ह मला हलवता येत नव्हता. पण माझा उजवा हात मोकळा होता.

कॅचरला पहिल्या दिवशी जे शिकवतात ते हे, की उघडा हात पाठीमागे ठेव. ताशी एकशे दहाने येणारा चेंडू बोटांवर बसला तर बोटं राहत नाहीत. माझं मधलं बोट दोनदा मोडलेलं आहे. दुसऱ्या वेळी हाडांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, तिसऱ्यांदा मोडलं तर सुई धरायचं विसरा.

"ईशू," मी म्हणाले, "जाय परत. अन् आता ग्लोव्ह इसर. माह्या हाताकडं पाह्य."

"कोणत्या हाताकडं?"

मी बसले. पडद्यावर ठिपका उजवीकडे आला. मी ग्लोव्ह तिथे धरला आणि उघडा हात तेवढाच डावीकडे काढून पंजा पसरला. तिला एका क्षणात कळलं.

"नाई ताई! लागंन ना तुमाले!"

"कसं लागंन? तू हाताकडं पाहशीन तं चेंडू हातावर येईनच कसा?"

"तो हात मागे घ्या," काचेमागून सबनीस बाई म्हणाल्या. "दुखापत होईल तुम्हाला."

"नियमात आहे का?"

त्यांनी थोडा वेळ वाचलं. "ग्लोव्ह स्थिर पाहिजे, एवढंच आहे."

"मग ग्लोव्ह स्थिर आहे," मी म्हणाले. "हात माझा आहे."

एकविसावा चेंडू ग्लोव्हच्या पार मध्यात बसला. तो आवाज मी नऊ वर्षं ओळखते. बाविसावा वीतभर बाजूला, तेविसावा पुन्हा मध्यात. ईश्वरीचा चेहरा सैल झाला, पाय नेहमीसारखा उचलला जाऊ लागला. माझ्या उघड्या हातावरून चेंडूचा वारासुद्धा जात नव्हता. तिसावा झाला, पस्तिसावा झाला. काचेमागच्या सबनीस बाई उभ्या राहून बघत होत्या. मला इतका आनंद झाला की मी तोंडावरच्या जाळीच्या मास्कच्या आत बडबडायला लागले, शाब्बास माझी बाई, शाब्बास.

चाळिसाव्या चेंडूनंतर मी मनगट जरा झटकलं. हात ताणून धरल्याने अवघडला होता, बाकी काही नाही. ईश्वरीने ते पाहिलं. एक्केचाळिसाव्याला तिने पाय उचलला आणि मला तिचे डोळे हललेले दिसले. चेंडू सरळ माझ्या पंजावर आला.

आवाज सुकी काडी मोडावी तसा झाला. मी हात पोटाशी धरून मातीत कलंडले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कुणीतरी धावत आलं, ती ईश्वरीच होती, आणि ती रडत होती.

"तू ग्लोव्हाकडं पाहिलं!" मी ओरडले.

"तुमचा हात वाचवाले पाहिलं!" तीही ओरडली. "म्हटलं, एक तरी चेंडू हातापासून दूर टाकावा, म्हणून ग्लोव्हाकडं पाहिलं!"

आता यावर हसावं की रडावं ते मला कळेना. तिने मला जपायला म्हणून ग्लोव्हवर नेम धरला, आणि जिथे नेम धरते तिथे तिचा चेंडू कधीच जात नाही.

सबनीस बाई आत आल्या होत्या. "थांबवू या," त्या म्हणाल्या. "हाताला बर्फ लावा आधी."

"थांबलं तर बावन्न ना?"

"हो," त्या म्हणाल्या.

"किती राहिले?"

"नऊ."

मधलं बोट भलतीकडे वळलं होतं आणि बघता बघता सुजत होतं. मी उठून पुन्हा उकिडवी बसले. ईश्वरी मान हलवत होती.

"मले वाचवू नोको, ईशू," मी म्हणाले. "मले वाचवाले जाशीन तं मारशीन. माह्या हातावर नेम धर. मारूनच टाकतो म्हणून फेक."

मी हात पुन्हा बाहेर काढला. ईश्वरीने बाहीने तोंड पुसलं आणि त्या मोडक्या बोटावर नजर रोखली. रडत रडत तिने नऊ चेंडू माझ्या हातावर नेम धरून फेकले आणि नऊही ग्लोव्हपाशी आले.

पन्नास चेंडूंची सरासरी साडेसत्तावीस भरली. पात्र.

सबनीस बाईंनी स्वतः माझ्या हाताला बर्फ बांधला. बांधता बांधता म्हणाल्या, "हा नेमांक नक्की कुणाचा म्हणायचा, मला कळत नाही. यंत्रात एकाच नावाची जागा आहे."

"तिचंच नाव टाका," मी म्हणाले.

ईश्वरी भुवनेश्वरच्या शिबिराला गेली आणि मी हाताला प्लास्टर घालून घरी बसले. लॅबच्या मालकाने फोनवर हळहळ व्यक्त केली आणि माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. सकाळी साडेसातला मला आपोआप जाग यायची आणि कुठे जायचं नसायचं. पंकज ताट वाढून द्यायचा, मी डाव्या हाताने सांडत जेवायचे आणि त्याच्यावरच खेकसायचे. भुवनेश्वरला काय होणार ते मला माहीत होतं, आणि ते मी पंकजला सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"ताई," ती म्हणाली, "इथली कॅचर हात मांगं ठेवते."

"ठेवणारच. तिनं काहून काढावा?"

"म्या इचारलं तिले. ते म्हणे, माझी बोटं आहेत. तिचं बरोबरच हाय. रोज चाळीसच्या वर चुकून राहिली मी. येत्या सोमवारी घरी पाठवतीन."

"ईशू, दमानं घे. ग्लोव्हाकडं पाहाची सवय कर. होईन हळूहळू."

"सोमवारपर्यंत?"

मला भिंतीवर हात आपटायचा होता, पण आपटायला धड हात नव्हता.

"म्या एक केलं," ती म्हणाली. "तुमी रागावसान. इथं एक फॉर्म राहते, खेळाडूनं आपलं काय काय सामान आणलं त्याचा. बूट, ग्लोव्ह, पट्टा, असं. म्या त्यात तुमाले लिहिलं."

"काय लिहिलं?"

"कॅचर, एक नग."

मी फोन बंद केला आणि पंकजच्या नावाने मोठ्याने हाक मारली. तो येईपर्यंत फॉर्म माझ्या फोनवर येऊन पडला होता. फॉर्म इंग्रजीत होता, फोनने त्याचं सरकारी मराठी करून दाखवलं. सदर वैयक्तिक उपकरण खेळाडूच्या नेमांकासाठी आवश्यक असल्याचे चाचणी केंद्राने प्रमाणित केले आहे, आणि खाली केतकी सबनीस यांची सही. उपकरणास सामानाच्या दराने प्रवासभाडे देय राहील. रविवार सकाळपर्यंत हजर करावे.

"सामान?" मी पंकजला म्हणाले. "वीस वर्सं खेळली मी. जिल्ह्याची कॅप्टन होती. अन् मी सामान?"

"मंग नको जाऊ," पंकज म्हणाला. तो वाकून माझी बॅग पलंगाखालून काढत होता.

फॉर्मच्या शेवटी दोन रकाने रिकामे होते. पहिला, उपकरणाची सद्यःस्थिती. मी डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं काढत लिहिलं: एक बोट मोडलेलं, बाकी चार चालू. दुसऱ्या रकान्यात विचारलं होतं, उपकरण खेळाडूखेरीज इतर कुणास वापरता येईल काय.

मी नाही असं लिहिलं आणि सही केली.